आठवड्याची एक तासिका मुलांच्या स्वतःच्या प्रश्नाला द्यावी का?

सातवीचे वर्गशिक्षक, सोलापूर

दिवाळीनंतरच्या सत्रात सातवीची आठवड्यातली एक तासिका मुलांनी स्वतः निवडलेल्या प्रकल्पासाठी ठेवावी, असं मी शाळेत मांडलंय. निम्मा स्टाफ विरोधात आहे. अभ्यासक्रम पुरा होईना, त्यात हे कशाला, असं त्यांचं म्हणणं. माझं मत पक्कं आहे: तासिका द्यावी, पण मोकाट सोडू नये.

‘तुला काय आवडतं?’ एवढंच विचारलं तर अर्धा वर्ग क्रिकेट म्हणतो आणि उरलेला मोबाइल. म्हणून सुरुवातीचे तास नुसता प्रश्न शोधण्यात गेले तरी चालतील. मागच्या वर्षी एका मुलीनं ‘कडक भाकरीची माहिती’ असा विषय लिहून आणला. तिला म्हटलं, माहिती राहू दे, तुला काय कळत नाही ते लिही. पुढच्या खेपेला वहीत होतं: ‘मऊ भाकरीला बुरशी येते, मग कडक भाकरीला महिनाभर का येत नाही?’ हा प्रश्न झाला. तिनं मऊ भाकरी डब्यात झाकून ठेवली आणि कडक भाकरी टोपलीत उघडी. तेव्हा मागच्या बाकावरच्या पोरानं विचारलं, “बुरशी भाकरीमुळं आली की झाकणामुळं?” मग दोघांनी मिळून सारखे दोन डबे घेतले. पुढं कडक भाकरीवर पाणी शिंपडून तीही झाकून ठेवली, आणि तिच्यावरही बुरशी धरली. ओलाव्याचा धडा मला वेगळा शिकवावा लागला नाही.

माझ्या आराखड्याला एकच पान लागतं. प्रश्न काय, काय मोजणार किंवा कुणाला विचारणार, साहित्य घरात आहे का, दर पंधरा दिवसांनी वर्गाला काय दाखवणार. पानावर सही झाल्याशिवाय काम सुरू नाही. आणि काम वर्गातच करायचं, घरी न्यायचं नाही.

गणिताच्या मॅडम, अक्कलकोट

सर, तुमच्या वर्गातली ती भाकरीवाली मुलगी हुशार होती. माझ्या वर्गात पंचावन्न पोरं आहेत. त्यातल्या काहींना सातवीत आल्यावरही परिच्छेद सलग वाचता येत नाही, भागाकारात शून्य कुठं द्यायचं ते कळत नाही. पुढच्या वर्षी आठवीत एनएमएमएस, म्हणजे गरीब घरच्या मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा. गरिबाच्या पोराला एनएमएमएस मिळाली तर बारावीपर्यंत आधार होतो. तो तास मी कुणाच्या आवडीसाठी सोडू?

दुसरं म्हणजे, या कल्पनेबरोबर गूगलचं उदाहरण हमखास येतं. २००४ साली त्यांच्या संस्थापकांनी भागधारकांना लिहिलेल्या पत्रात कर्मचाऱ्यांनी वीस टक्के वेळ कंपनीच्या फायद्याचं वाटेल अशा स्वतः ठरवलेल्या कामाला देण्याचा उल्लेख होता, हे खरं. पण ते शिकून तयार झालेले इंजिनिअर होते. कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षण-मानसशास्त्राच्या अभ्यासकांचा २००६ चा लेख नेमकं हेच सांगतो की नवशिक्याला कमी मार्गदर्शनात सोडलं तर तो कमी शिकतो, कारण नव्या गोष्टींचा भार त्याच्या डोक्याला पेलत नाही. आधी पाया, मग आवड.

एक आई, पूर्वभाग, सोलापूर

मला शाळेतलं जास्त कळत नाही, पण प्रकल्प म्हटलं की पोटात गोळा येतो. आमच्याकडं घरोघरी बायका विड्या वळतात. हजार विड्या झाल्याशिवाय हातात काही पडत नाही. संध्याकाळी पोरगं सांगतं, उद्या प्रकल्प द्यायचाय. मग पानं कातरायची सोडून चित्रं कातरत बसायचं, नाहीतर स्टेशनरीच्या दुकानातून तयार तक्ता आणायचा. ज्याच्या आईला वेळ आहे त्याला शाबासकी. सर म्हणतात घरी न्यायचं नाही, ते खरंच पाळणार असाल तर माझी हरकत नाही. नाहीतर नकोच.

निवृत्त मुख्याध्यापक, बार्शी

यात नवं काय आहे ते मला अजून दिसलं नाही. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ किलपॅट्रिकनं प्रकल्प पद्धत १९१८ साली मांडली. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण मांडलं. तीच नई तालीम. ती पुढं का टिकली नाही? माझ्या मते, पालकांना पोरगं तकलीवर सूत काढत बसलेलं नको होतं, इंग्रजी बोलणारं हवं होतं. आताच्या २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना सांगितलेत. कागदावर सगळं आहे. तपासणी आली की फोटो काढायचे आणि फाइल लावायची, एवढंच उरतं. सर मनापासून करतील, पण त्यांची बदली झाल्यावर काय?

सातवीचे वर्गशिक्षक, सोलापूर

मॅडम, तुमचा २००६ चा लेख माझ्याच बाजूनं बोलतो. मी मार्गदर्शन काढून घेत नाही. एका पानाचा आराखडा, सही, पंधरवड्याची तपासणी हे मार्गदर्शनच आहे. मुलाकडं फक्त प्रश्न सोपवायचा.

भागाकाराचंही सांगतो. आपल्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं. एखाद्या मुलानं विचारलं, ‘आमच्या गल्लीत एका पाळीला घरटी किती पाणी मिळतं?’ तर घागरीत लिटर किती, घागर भरायला मिनिटं किती, नळ किती वेळ चालला, घरात माणसं किती, सगळा भागाकार त्यात आला. सोलापुरी चादरीची नक्षी आलेखाच्या कागदावर चौकोन रंगवून काढता येते. जेकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राची, पुठ्ठ्याची भोकं पाडलेली पंचकार्डं त्या चौकोनांवरूनच ठरतात, भोक असेल तिथं धागा वर उचलला जातो. यंत्रमागावर काम करणाऱ्याचं पोरगं हे वर्गाला समजावून सांगेल तेव्हा वर्ग त्याच्याकडं बघेल, एरवी कोण बघतो? तेलुगू किंवा कन्नड घरातल्या मुलानं मोठ्यांना प्रश्न घरच्या बोलीत विचारावेत, वहीत मराठीत उतरवावं. तेही भाषेचंच काम.

ताई, तुमचं म्हणणं मी नियमात घालतो: विकत आणलेली एकही वस्तू चालणार नाही आणि गुणही नाहीत. गुण आले की आई-बाप आणि दुकानदार दोघं आलेच.

विज्ञान शिक्षक, पंढरपूर

गुण नकोत याला माझा विरोध आहे. आपल्याकडं ज्याला गुण नाहीत ते मुलं करत नाहीत आणि मुख्याध्यापक वेळापत्रकातून काढतात. सुंदर तक्त्याला गुण देऊ नका. प्रश्न बदलला का, नोंदी तारखेनिशी आहेत का, फसलेला प्रयोग तसाच लिहिलाय का, याला द्या. आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनात, प्रकल्पाला जागा आहेच, ती वापरा.

गणिताच्या मॅडम, अक्कलकोट

घागरीचं उदाहरण चांगलं आहे, मी उद्याच वापरेन. पण ते मी सगळ्या वर्गाला एकच गणित म्हणून देईन. पंचावन्न पोरांचे पंचावन्न प्रश्न, तेवढे आराखडे, दर पंधरवड्याला तेवढ्याच वह्या, आणि मधेच मतदार यादीचं काम आलं की सगळं ठप्प. तुम्ही नऊ-दहा प्रश्न ठरवा आणि त्यातून गट करा, तर एका बाईला पेलेल. आणि वाचता न येणारी पोरं गटात नुसती रंगवायला बसणार नाहीत, याची तजवीज आराखड्याच्या पानावर लिहा. ते पान इथं टाका, मग मी होकाराचं बघते.