शर्यतीच्या बोटींची नवी रचना भ्रमंतीच्या बोटींना मानवते का?

डोलकाठी (धरमपेठ)

दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि 2012-13 मध्ये अभिलाष टॉमी यांनी त्याच बोटीतून ती कुठेही न थांबता पूर्ण केली. तेव्हापासून समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या आपल्या नागपुरातही शिडाच्या बोटींबद्दल आस्थेने बोलणारी मंडळी भेटू लागली आहेत. परंतु हे बोलणे बहुधा नाविकाच्या धैर्यापाशी थांबते, त्याला तारून नेणाऱ्या बोटीच्या रचनेपर्यंत पोहोचत नाही. म्हणून हा धागा केवळ रचनेसाठी काढला आहे. माझे मत आरंभीच मांडतो. गेल्या काही दशकांत शर्यतीच्या बोटींत जे बदल झाले, त्यांपैकी रुंद पिछाडी, दोन सुकाणू, भरदार नाळ (बोटीचे पुढचे टोक) आणि हलका सांगाडा हे बदल सहकुटुंब समुद्रभ्रमण करणाऱ्यांच्याही हिताचे आहेत. बोटीला पाण्याबाहेर उचलून धरणारे फॉइल, म्हणजे पाण्याखालचे पंख, मात्र शर्यतीपुरतेच ठीक आहेत.

पाणी बाजूला सारत चालणाऱ्या जड बोटीचा वेग तिच्या पाणरेषेच्या, म्हणजे पाण्याच्या पातळीवरील तिच्या लांबीने बांधलेला असतो. पाणरेषा 36 फुटांची असेल, तर त्या लांबीच्या वर्गमुळाला 1.34 ने गुणून साधारण 8 नॉट (ताशी सागरी मैल) हा आकडा येतो. त्यापुढे वारा वाढला तरी बोट स्वतःच उठवलेल्या लाटेच्या खळग्यात अडकून राहते. हलकी, सपाट तळाची बोट मात्र वारा मागून किंवा बाजूने असेल तेव्हा ती लाट ओलांडून पाण्यावर घसरू लागते. रुंद पिछाडीमुळे ती सहज कलत नाही. पण रुंद बोट एकदा कललीच, तर तिची वाऱ्याकडची बाजू उचलली जाते आणि मध्यभागी बसवलेले एकुलते सुकाणू पाण्याबाहेर येऊ लागते. यावर उपाय म्हणून दोन्ही कडांना किंचित तिरपी बसवलेली दोन सुकाणू आली. बोट कलते तेव्हा खालच्या बाजूचे सुकाणू पाण्यात जवळजवळ सरळ उभे राहते आणि पकड सोडत नाही.

भरदार नाळेचे मोल मला सर्वांत जास्त वाटते. डेव्हिड रेझाँ या फ्रेंच आरेखकाने स्वतः रचलेली साडेसहा मीटरची ‘मॅग्नम’ 2011 च्या मिनी ट्रान्सॅट या अटलांटिकपार शर्यतीत उतरवली. तिची नाळ टोकदार नव्हती, पोळपाटाच्या काठासारखी गोल होती, आणि ती प्रायोगिक बोटींच्या गटात पहिली आली. पुढे क्लास 40 या शर्यतीच्या वर्गातील बोटींनी तोच आकार उचलला, आणि आता भ्रमंतीच्या बोटींच्याही नाळा भरू लागल्या आहेत. अशी नाळ लाटेत खुपसत नाही, कललेल्या बोटीची पाणरेषा लांब आणि सरळ राहते, शिवाय पुढच्या खोलीत माणसाला नीट झोपता येईल एवढी जागा मिळते. जुन्या धाटणीच्या बोटीच अधिक सुरक्षित असतात, या समजाला माझा विरोध आहे.

जुना खलाशी (त्रिमूर्तीनगर)

मी आयुष्यभर व्यापारी जहाजांवर काम केले आणि निवृत्तीनंतर नागपुरात स्थायिक झालो. धागाकर्त्यांचे विवेचन मुद्देसूद आहे, पण निष्कर्ष मला मान्य नाही. शर्यतीच्या नाविकामागे तंत्रज्ञांचा ताफा असतो, हवामानतज्ज्ञ असतात, आणि बोट मोडली तर पुढची बांधून देणारा पुरस्कर्ता असतो. भ्रमंतीला निघालेल्या कुटुंबाच्या वाट्याला यातले काहीच येत नाही. त्यांची बोट चूक पोटात घालणारी असली पाहिजे.

1979 च्या फास्टनेट शर्यतीत वादळ आले आणि 15 नाविक प्राणाला मुकले. त्या काळच्या शर्यतीच्या नियमांना जुळवून घेताना बोटी हलक्या आणि रुंद होत गेल्या होत्या. काही बोटी उलटल्यावर चटकन सरळ झाल्या नाहीत. 1996-97 च्या वांदे ग्लोब या एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत तेच अधिक भयंकर रूपात दिसले. टोनी बुलिमोर यांच्या बोटीची कील (तिला सरळ ठेवणारा तळाचा वजनदार पंख) तुटली आणि ते उपड्या बोटीच्या पोटात काळोखात, गारठ्यात दिवसेंदिवस तग धरून राहिले. ऑस्ट्रेलियाच्या नौदलाने त्यांना सोडवले. रुंद आणि सपाट बोट सरळ असताना जशी स्थिर असते, तशीच ती उपडी झाल्यावरही स्थिर असते, हे विसरून चालणार नाही.

अलीकडचेच उदाहरण द्यायचे, तर 2020 मध्ये याच शर्यतीत केप ऑफ गुड होपच्या नैऋत्येला केव्हिन एस्कोफिए यांची फॉइल बसवलेली ‘पीआरबी’ लाटेवर आदळून दुमडली आणि काही मिनिटांत बुडाली. त्यांना वाचवले झाँ ल काम यांनी, आणि ल काम यांची बोट जुनी, फॉइल नसलेली होती.

वजनाचेही पाहा. रस्लर 36 ही जुन्या धाटणीची बोट सुमारे साडेसात टनांची आहे, तर जवळपास तेवढ्याच लांबीची पोगो 36 सुमारे चार टनांची. चार माणसांचे पाणी, धान्य, डिझेल, नांगर आणि साखळी मिळून टनभर वजन चढवले, तर पहिलीला ते जाणवणारही नाही. दुसरीच्या वजनात एक चतुर्थांश भर पडेल, आणि ज्या घसरण्याच्या गुणासाठी ती घेतली तोच निघून जाईल.

डोलकाठी

खलाशीकाका, वजनाचा मुद्दा मी मान्य करतो. हलकी बोट घेणाऱ्याने सामानही मोजून घेतले पाहिजे. परंतु वांदे ग्लोबचे उदाहरण अर्धेच सांगितले गेले आहे. त्या दुर्घटनांनंतर बोट पूर्ण उपडी झाली तरी तिला पुन्हा सरळ होता आले पाहिजे, अशी सक्ती त्या शर्यतीच्या बोटींच्या वर्गाने केली आणि ते चाचणीत सिद्ध करून दाखवावे लागते. शर्यतीने एक धोका निर्माण केला आणि नियमाने त्याचा बंदोबस्तही केला.

आता दुसरी बाजू पाहू. गोल्डन ग्लोब या एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत 1988 पूर्वी आरेखित झालेल्या, लांब कीलच्या, 32 ते 36 फुटांच्या बोटींनाच प्रवेश असतो, म्हणजे काकांना हव्या तशाच बोटी. 2018 मध्ये अभिलाष टॉमी त्या शर्यतीत ‘थुरिया’ घेऊन उतरले होते. एकट्याने न थांबता पहिली पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्या मुंबईत बांधलेल्या ‘सुहेली’ची ती प्रतिकृती. दक्षिण हिंदी महासागरात ती उलटीपालटी झाली, डोलकाठ्या मोडल्या, टॉमी यांच्या पाठीला गंभीर इजा झाली आणि फ्रान्सच्या मत्स्यरक्षक नौकेने त्यांना उचलले. त्या वर्षी ती शर्यत केवळ 5 जणांनी पूर्ण केली. 2022 च्या शर्यतीत तापिओ लेहतिनेन यांची लांब कीलची ‘अस्तेरिया’ मागून पाणी शिरून काही मिनिटांत बुडाली. जड बोट वादळापुढे नुसती पडून राहते आणि सगळा मार अंगावर घेते. हलक्या बोटीला वादळाची वाट सोडून निघून जाता येते.

एपॉक्सी (बजाजनगर)

दोन्ही बाजू आकारावर वाद घालत आहेत. मी फायबरग्लाससारख्या संमिश्र पदार्थांच्या उद्योगात काम करतो, म्हणून बांधणीकडे लक्ष वेधतो. 2014 मध्ये ‘चीकी रफिकी’ या 40 फुटी बोटीची कील अटलांटिकमध्ये निखळली आणि चौघे नाविक गेले. ब्रिटनच्या चौकशीत जे पुढे आले, ते प्रत्येक बोटमालकाने समजून घेण्यासारखे आहे. ती बोट पूर्वी अनेकदा तळाला घासली होती. त्या धक्क्यांनी आणि नंतरच्या दुरुस्त्यांनी कीलजवळचा सांगाडा कमकुवत झाला असावा, असे चौकशीत नोंदले गेले. अनेक आधुनिक बोटींत बाहेरचे कवच आणि आतली बळकटीची जाळी वेगवेगळी साच्यात काढून चिकटवतात. ही जोडणी सुटली, तर वरून काहीच दिसत नाही. लाकडी गलबताची फळी सडली की बोटाने कळते. इथे तसे कळत नाही.

तपासणी करणारा माणूस हातात लहान हातोडी घेऊन कीलच्या बोल्टांभोवती बोटभर अंतराने ठोकत जातो. सांधा धड असेल तिथे टणक, कोरडा आवाज येतो. थर सुटलेला असेल तिथे आवाज बद्द होतो आणि हातोडी किंचित कमी उसळते. त्या फरकावर माणसांचा जीव अवलंबून असतो, आणि तो ओळखणारा कान सहज मिळत नाही. म्हणून माझे मत असे की आकार नवा घ्यावा, पण जाळी चिकटवलेली नसावी. कवचाला आतून फायबरग्लासचे थर चढवून ती एकजीव केलेली असावी. आपल्याकडे याचे उदाहरण आहे. ‘म्हादेई’ गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत लाकूड आणि फायबरग्लास यांच्या मिलाफातून बांधली गेली आणि तिने पृथ्वीला फेऱ्या घातल्या.

आणखी एक प्रगती इथे कोणी नोंदवलेली नाही. तंतूंना बांधून ठेवणारी नेहमीची राळ (रेझिन) एकदा घट्ट झाली की पुन्हा वितळत नाही, त्यामुळे जुन्या बोटींचे सांगाडे किनाऱ्यावर तसेच पडून राहतात. ‘सन फास्ट 30 वन डिझाइन’ ही शर्यतीची बोट एलियम नावाच्या राळेत बनवली जाते. ती राळ आणि तंतू वेगळे करून पुन्हा वापरता येतात. नाळेच्या आकाराइतकेच याचेही महत्त्व आहे, असे मी मानतो.

अंबाझरी कॅडेट

मी एनसीसीच्या नौदल शाखेत असताना एंटरप्राइज जातीच्या बोटीवर शिकले. चार मीटरची, दोघांची, प्लायवुडच्या कडा असलेली ही बोट जॅक होल्ट यांनी 1956 मध्ये रचली. तळ आणि बाजू जिथे मिळतात तिथली जी ठळक कड आज नव्या बोटींचे वैशिष्ट्य म्हणून मिरवली जाते, ती या साध्या बोटीत तेव्हापासून आहे, एवढे धागाकर्त्यांनी लक्षात घ्यावे.

दोन सुकाणूंबद्दल मात्र मी त्यांच्या बाजूने आहे. तलावावर पावसाळ्याच्या तोंडी अचानक झोत येतो. बोट कलते, दोघीही शरीर बाहेर झोकून देतात, आणि नेमक्या त्याच क्षणी हातातला सुकाणूचा दांडा हलका पडतो, जणू त्याला खाली काही जोडलेलेच नाही. पिछाडीखाली हवा गुरगुरते, सुकाणू पाणी सोडते आणि बोट आपली आपण वाऱ्याकडे वळते. तलावात फार तर भिजायला होते. रात्रीच्या समुद्रात, झोपेतून उठलेल्या माणसाच्या हाती तोच दांडा असेल, तर त्याला पकड देणारे दुसरे सुकाणू ही चैन ठरत नाही.

उडती शिडे (प्रतापनगर)

फॉइल शर्यतीपुरतेच, हे विधान मला घाईचे वाटते. अमेरिका कपच्या 75 फुटी बोटी 50 नॉटांच्या पुढे जातात, हे बाजूला ठेवले तरी वांदे ग्लोबचा विक्रम 2017 मध्ये 74 दिवसांचा होता आणि 2025 मध्ये शार्ली दालँ यांनी तो 64 दिवसांवर आणला. इतकी झेप केवळ नाळ फुगवून साधलेली नाही. ऑलिम्पिकमध्येही आता फॉइलवरचे प्रकार आले आहेत. मध्य प्रदेशच्या नेहा ठाकूर हिने भोपाळच्या तलावावर तयार होऊन 2023 च्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. तिथे समुद्र नाही, तसा इथेही नाही. आपल्या मुलांनी पुढे यावे असे वाटत असेल, तर त्यांच्या हाती जुन्याच नव्हे, नव्या बोटीही पडल्या पाहिजेत.

डोलकाठी

मुलांच्या प्रशिक्षणाबाबत पूर्ण सहमत. परंतु भ्रमंतीच्या बोटीत फॉइल म्हणजे बाजूने बाहेर आलेले, धक्क्याला लावताना मोडणारे आणि तरंगत्या ओंडक्याला आदळणारे अवयव. वर बोट वारंवार पाण्यावर आपटते, तो मार कुटुंबाने कशासाठी सोसायचा?

मूळ रत्नागिरी, मुक्काम मनीषनगर

इतका वेळ चर्चा दक्षिण महासागराची चालली आहे. आपल्यापैकी कोणी बोट घेतलीच, तर ती कोकणच्या किनाऱ्यावर चालणार, म्हणून तिथल्या पाण्याचे सांगते. दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत पहाटे मतलई वारा असतो, मंद आणि कोरडा. दुपारनंतर वायव्येचे खारे वारे जोर धरतात. मंद वाऱ्यात साडेसात टनांची बोट जागची हलत नाही आणि माणसे इंजिन लावून बसतात. तिथे हलकी बोट निर्विवाद सरस आहे.

पण मुंबईकडे जायचे असेल, तर दुपारचा वारा थेट समोरून येतो आणि उथळ पाण्यात लाटा आखूड व उभ्या होतात. अशा लाटांवर गोल नाळ दर खेपेला थाडकन आपटते. त्याहून मोठा प्रश्न खोलीचा आहे. पोगो 36 ची कील खाली सोडल्यावर जवळपास 3 मीटर जाते. आमच्या खाड्यांच्या मुखाशी वाळूचे दांडे आहेत; ओहोटीला तिथे एवढे पाणी नसते. कील वर घेण्याची सोय असते हे खरे, पण तिचा पंप आणि बिजागरे यांची देखभाल जयगडला कोण करणार? जाळ्यांचे काय? किनाऱ्यालगत रात्री जाळ्यांच्या दोऱ्या पसरलेल्या असतात. एक सुकाणू कीलच्या आड लपलेले असते, दोन सुकाणू उघडी असतात. शिवाय बंदरात इंजिनावर वळताना पंख्याचा झोत मधल्या सुकाणूवर पडतो आणि बोट जागच्या जागी वळते. दोन सुकाणूंच्या मधून तो झोत वाया जातो.

जुना खलाशी

ताईंनी सांगितलेल्या या शेवटच्या गोष्टी कोणत्याही जाहिरातीत छापल्या जात नाहीत, आणि बोटीवर रोज राहणाऱ्याला त्याच छळतात. गर्दीच्या धक्क्यावर आडव्या वाऱ्यात बोट लावण्याची वेळ आली की त्यांचे महत्त्व पटते.

डोलकाठी

ताईंचे आक्षेप कोकणासाठी ग्राह्य आहेत, आणि त्यांच्यामुळे माझी मागणी अधिक नेमकी झाली आहे. रुंद पिछाडी आणि दोन सुकाणू ठेवावीत, पण त्यांच्या पुढे कवचाला जोडलेली लहान, स्थिर पाती असावीत, म्हणजे दोऱ्या त्यांवरून घसरून जातील. नाळ मध्यम भरदार असावी, ‘मॅग्नम’इतकी गोल नको. कील स्थिर आणि दोन मीटरच्या आत असावी, तळाशी शिशाचा गोळा थोडा जड करून. त्यासाठी वेग थोडा कमी झाला तरी चालेल. जाळी एपॉक्सी म्हणतात तशी एकजीव असावी. शिडे डॅक्रॉन या विणलेल्या पॉलिएस्टर कापडाची असावीत, कारण थर चिकटवून केलेली शिडे आपल्या उन्हात आणि दमटपणात लवकर सुटतात. अशी बोट गोव्यात बांधता येईल. ती काकांच्या जड बोटीपेक्षा मतलई वाऱ्यात पुढे असेल, एवढे मी आजच सांगू शकतो.

जुना खलाशी

मतलई वाऱ्यात पुढे असेल, यात वाद नाही. ती किती अंशांपर्यंत कलून स्वतःहून सरळ होते, तो आकडा आरेखकाकडून लेखी घ्या, आणि तोही टनभर सामान भरलेल्या अवस्थेतला. तो 120 च्या वर असेल, तर मी माझा विरोध त्या बोटीपुरता मागे घेईन. बाकीच्यांबद्दल माझे मत कायम आहे.