स्ट्रेट व्हर्जिनिया: पाईपमधल्या नवख्याला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, इथे पाईप ओढणारे मोजकेच असतील पण जे आहेत ते मुरलेले आहेत म्हणून जरा सविस्तर लिहितोय. मला वरून कसलाही फ्लेवर न मारलेली, निव्वळ व्हर्जिनिया पानाची तंबाखू नीट ओढायला शिकायचंय आणि दोन ठिकाणी गाडी अडलीय. एक म्हणजे जीभ पोळते, टोकाला दुसऱ्या दिवशीपर्यंत चरचरत राहतं. दुसरं म्हणजे पेटवल्यावर सुरुवातीला जी छान गोडसर चव येते ती थोड्या वेळात गायब होते आणि मग नुसती गरम वाफ.

मी मूळचा निपाणीकडचा, नोकरीमुळे सध्या नॉर्थ कॅरोलायनात डरहमजवळ राहतो. सिगरेट, बिडी, मशेरी, कशाचीच सवय नव्हती. पाईप यंदाच्या हिवाळ्यात सुरू केला, सुट्टीच्या संध्याकाळी, घराबाहेर बसून, धूर छातीत न घेता. तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर पाईपनेही होतो हे वाचलंय, मान्य आहे, म्हणूनच कमी पण चांगलं ओढायचं असं ठरवलंय.

आता व्हर्जिनियाच का, तर मी ज्या भागात राहतो तो या पानाचा मूळ मुलूख. हायवे सोडून आतल्या रस्त्याला लागलं की शेतांच्या कडेला ओंडक्यांची उंच, बिनखिडक्यांची खोपटी दिसतात, बरीचशी पडायला आलेली. ही तंबाखू वाळवायची बार्न. डरहममध्ये ड्यूक होमस्टेड म्हणून जुनी वाडी जपून ठेवलीय, तिथे असं बार्न आतून बघता येतं. वर छपरापर्यंत आडव्या बल्ल्या, त्यांच्यावर पानं बांधलेल्या काठ्या टांगायच्या, खाली जमिनीलगत पत्र्याच्या नळ्या फिरवलेल्या. जाळ बाहेरच्या तोंडाशी घालायचा, धूर नळीतून परस्पर बाहेर, पानाला लागते ती फक्त उष्णता. आधी ३५-३८ अंशांवर एक-दोन दिवस पान पिवळं होऊ द्यायचं, मग हळूहळू ५५ च्या आसपास नेऊन पान वाळवायचं आणि शेवटी ७० च्या वर नेऊन मधली शीर कोरडी करायची. सगळं मिळून पाच-सात दिवस, आणि तोवर रात्रंदिवस कुणीतरी जाळापाशी बसलेलं.

याची सुरुवात १८३९ सालची सांगतात. डरहमच्या वायव्येला कॅसवेल काउंटी आहे, तिथे अबायशा स्लेड नावाच्या शेतमालकाकडे स्टीफन नावाचा गुलाम होता. रात्री जाळ राखताना त्याचा डोळा लागला, जाग आली तेव्हा आग विझत आलेली, त्याने धावत जाऊन लोहारकामाचा कोळसा आणून टाकला, एकदम कडक उष्णता झाली आणि पान तपकिरी व्हायच्या ऐवजी लख्ख पिवळं निघालं. नळ्या नंतर आल्या. त्या पिवळ्या पानावर या अख्ख्या भागात पुढे गिरण्या-कारखाने उभे राहिले, पण स्टीफनचं आडनावसुद्धा मालकाचंच लावतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आमच्याकडे निपाणीत बिडीची तंबाखू उन्हात वाळते. पान सावकाश सुकतं, तोवर ते जिवंत असतं आणि स्वतःतली साखर खाऊन टाकतं. इथे पान पिवळं झालं की उष्णतेने त्याचं काम तिथेच थांबतं, साखर आत अडकते. एवढं वाचल्यावर वाटलं की ही पानाची स्वतःची गोडी चाखायची असेल तर व्हॅनिला-चेरीचं पाणी मारलेल्या तंबाखूत ती कशी सापडणार? ते अरोमॅटिक ओढून झालंय. शेजारच्यांना वास आवडतो, ओढणाऱ्याच्या तोंडात काही येत नाही असं माझं मत.

आत्तापर्यंत एक हलकी पिवळी रिबन कट (बारीक पट्ट्यांत कापलेली सुटी तंबाखू) ओढली, तिने जीभ जास्त पोळते. मग सॅम्युअल गाविथची फुल व्हर्जिनिया फ्लेक आणली. डबी उघडली तर आत कागदाखाली काळपट तपकिरी लांब पट्ट्या, एकावर एक चिकटलेल्या, हाताला ओलसर, वास वाळल्या गवताचा आणि मनुकांचा. वासानेच मी खूश झालो. पण पेटायलाच तयार नाही, काड्यांवर काड्या जातात. पाईप दोन आहेत, एक मक्याच्या कणसाचा मिसूरीचा कॉब आणि एक जुना ब्रायर (लाकडी पाईप) जो सेकंडहॅंड घेऊन साफ केलाय.

तर सांगा की ओलावा किती ठेवायचा, फ्लेक दुमडून भरायची की चोळून मोकळी करायची, पिवळी आणि लाल व्हर्जिनियात नवख्याने कुठून सुरुवात करावी, आणि पुढची डबी कुठली घेऊ. खरंच स्ट्रेट असलेलीच सांगा, कारण व्हर्जिनिया म्हणून विकतात त्यात कितीदा थोडी पेरीक (आंबवलेली, मिरीसारख्या चवीची तंबाखू) किंवा वरून काहीतरी गोड लावलेलं असतं.

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद: घाटमाथा

छान लिहिलंय. तुमच्या दोन्ही अडचणींचं मूळ एकच आहे, ओली तंबाखू आणि घाईने ओढणं. पान ओलं असलं की विझतं, विझू नये म्हणून आपण जोरात ओढतो, जोरात ओढलं की वाफ होते आणि ती वाफ जिभेला भाजते. वर व्हर्जिनियात साखर जास्त, तिचा धूर आम्लधर्मी, म्हणजे जीभ आधीच चिडलेली. चव जाते तीही त्यामुळेच, व्हर्जिनियाची चव थंड धुरात असते, बाऊल (पाईपची तंबाखू भरायची वाटी) तापला की संपलं.

फुल व्हर्जिनिया फ्लेक डबीतून निघते तशी ओढायची नसते, ही तंबाखू ओलीच येते. पट्टी घ्या, दोन्ही तळव्यात चोळून धागे मोकळे करा, साध्या कोऱ्या कागदावर पातळ पसरून ठेवा. अर्धा तास नाही, एक तास, दमट दिवस असेल तर त्याहून जास्त. चिमटीत दाबून सोडा. गोळा तसाच राहिला तर अजून ओली आहे, सुटून परत फुलली आणि तरी कुरकुरली नाही तर तयार. मनाला वाटतं त्यापेक्षा जरा जास्तच कोरडी लागते, डबीचा वास उडून जाईल ही भीती धरू नका. दुमडून भरायची पद्धत सुंदर आहे, सावकाश जळते, पण ती हात बसल्यावर. आत्ता चोळूनच भरा.

भरताना खाली अगदी सैल, वर थोडी घट्ट, आणि पेटवायच्या आधी नुसतं ओढून बघायचं, हवा सहज यायला पाहिजे. पहिली काडी फक्त वरचा थर काळा करायला. तो फुगून वर येतो, टॅम्परने (तंबाखू दाबायच्या दांडीने) अलगद बसवा, नुसत्या टॅम्परच्या वजनाने, मग दुसरी काडी. त्यानंतर इतकं हळू ओढा की आता विझेल असं वाटत राहील, आणि विझली तर विझू द्या हो! परत पेटवायची, त्यात कमीपणा काही नाही. बाऊल गालाला लावून बघा, चटका बसत असेल तर खाली ठेवून द्यायचा. जीभ चरचरत असताना मात्र अजिबात ओढू नका, पूर्ण बरी होईपर्यंत थांबा.

पिवळी की लाल, तर माझ्या मते लाल. पिवळ्यात लिंबाची, ताज्या गवताची तरतरीत चव असते पण साखर जास्त आणि चावतेही तीच जास्त. लाल म्हणजे जास्त पिकलेलं पान, चव पावाकडे आणि सुक्या फळांकडे जाणारी, धूर भरलेला, नवख्याला सांभाळून घेते.

प्रतिसाद: वेदगंगा

निपाणी वाचून थांबले. माझी आई वखारीत कामाला होती, चाळणीवर. तंबाखू कुटून चाळताना जी धूळ उडते ती नाकातोंडात जाऊन संध्याकाळपर्यंत डोकं जड, पदर कितीही घट्ट बांधला तरी. त्यामुळे मी काही ओढायला सांगणार नाही, पण पानाबद्दल बोलणारं कुणी भेटलं की बरं वाटतं. आपल्या १९८१ च्या आंदोलनात शेतकरी हायवेवर बसले होते ते याच पानाच्या भावासाठी, आमच्या घरात अजून त्या दिवसांबद्दल बोलतात.

एक माहिती, व्हर्जिनिया आपल्या कर्नाटकातही होते. निपाणीला नाही, खाली म्हैसूरच्या बाजूला हुणसूर-पिरियापट्टणला, आणि आंध्रात. माझे मिस्टर त्या भागात नोकरीला होते तेव्हा बघितलंय, शेतात बार्न, शेतकऱ्याची तंबाखू बोर्डाकडे नोंद, आणि विक्री बोर्डाच्या लिलावात. बोर्डाचं ऑफिस गुंटूरला. पान वाळवायला लाकूड मात्र फार लागतं, बार्नच्या बाजूला रचलेले लाकडाचे ढीग बघून आजूबाजूच्या झाडांचं काय होत असेल असं वाटायचं.

प्रतिसाद: कडूलिंब

मी दंतवैद्य आहे, एकच सांगते. जिभेची चरचर दोन-तीन दिवसांत गेली पाहिजे. तोंडात कुठेही पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, किंवा एखादी जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर ती "पाईपमुळेच असेल" म्हणून सोडू नका, दाखवा. पाईपची दांडी नेहमी ओठाच्या एकाच बाजूला धरत असाल तर तिथे आरशात नियमित बघत जा. कमी ओढल्याने धोका कमी होतो, शून्य होत नाही. नुकतीच सुरुवात आहे तर सोडणंही सोपं आहे, तेही मनात असू द्या.

प्रतिसाद: पारवा

घाटमाथा यांना +१. डब्यांबद्दल मी लिहितो.

सध्याची डबी आधी संपवा, नवीन आणायची घाई नको. एकच तंबाखू वेगवेगळ्या ओलाव्याला, दोन्ही पाईपमध्ये ओढून बघितली की जे कळतं ते दहा डब्या उघडून कळत नाही, मी तर म्हणेन व्हर्जिनिया शिकायची हीच पद्धत. त्यानंतर गाविथचीच बेस्ट ब्राऊन फ्लेक घ्या, तीही इंग्लंडातल्या केंडल गावचीच पण फुल व्हर्जिनियापेक्षा हलकी, दोन्ही शेजारी ठेवून ओढल्या की पान वाफेवर गडद केल्याने चवीत काय फरक पडतो ते जिभेला समजतं. पीटरसन फ्लेक म्हणजे पूर्वीची डनहिल फ्लेक, डनहिलने २०१८ मध्ये पाईप तंबाखू बंद केल्यावर ती पीटरसनच्या नावाने येते, नाजूक आहे, थोडा हात बसला की घ्या. लाल हवी तर तुमच्या जवळ साउथ कॅरोलायनात कॉर्नेल अँड डील आहेत, त्यांची ओपनिंग नाईट बघा, लाल आणि पिवळी दोन्ही आहे तिच्यात. कॅपस्टन सगळे सुचवतील, मलाही आवडते, पण तिला वरून हलकं गोड लावलेलं आहे. ऑर्लिक गोल्डन स्लाइस्डमध्ये थोडी पेरीक येते. दोन्ही चांगल्या, फक्त तुमच्या व्याख्येत बसत नाहीत. पेरीक म्हणजे लुईझियानातल्या सेंट जेम्स पॅरिशची, पिंपात दाबून आंबवलेली तंबाखू, तिची मिरीसारखी चव एकदा कळली की मिश्रणात लगेच पकडता येते, म्हणून ती कधीतरी मुद्दाम ओढून बघाच.

पाईपचं म्हणाल तर नवीन तंबाखू आधी कॉबमध्ये. जुन्या ब्रायरमध्ये आधीच्या मालकाने अरोमॅटिक ओढली असेल तर ती चव महिनोन् महिने जात नाही, आणि स्ट्रेट व्हर्जिनिया इतकी हळुवार असते की तिच्यावर हे भूत लगेच स्वार होतं. तुमची चव गायब होण्यात त्या ब्रायरचा हात असू शकतो.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. वेदगंगाताई, तुमच्या आईंना नमस्कार सांगा, आमच्या गल्लीतल्या बायकाही वखारीतच जायच्या. डॉक्टर, आरशाचं लक्षात ठेवतो, आणि शेवटचं वाक्यही.

जीभ बरी होईपर्यंत थांबलो आणि मग काल घाटमाथांनी सांगितल्याप्रमाणे पट्टी चोळून कागदावर पसरली. तासाने हात लावला तर अजून दमट, इथे पाऊस होता, म्हणून जेवण होईपर्यंत तशीच ठेवली. कॉबमध्ये सैल भरली. दोन काड्यांत पेटली! नंतर अधूनमधून विझली तेव्हा घाई न करता परत पेटवली. निम्म्यावर आल्यावर चव कमी व्हायच्या ऐवजी गडद झाली, भाजलेल्या पावाच्या कडेची असते तशी, आणि मागे किंचित आंबटगोड. जीभ आज ठीक आहे. पारवा यांचं ब्रायरबद्दलचं खरं निघालं, त्याचा बाऊल नुसता हुंगला तरी चेरीचा वास येतो.

आता एकच विचारतो. व्हर्जिनिया काचेच्या बरणीत वर्षानुवर्षं ठेवली की अजून मुरते म्हणतात. उघडलेल्या डबीतली उरलेली अशी ठेवता येईल का, की बंद डबीच ठेवायची?

प्रतिसाद: पारवा

उघडलेलीही चालते. लोणच्या-मुरंब्याला इकडे ज्या घट्ट झाकणाच्या मेसन बरण्या मिळतात त्या घ्या, धुऊन पूर्ण कोरड्या करा, तंबाखू भरा, झाकण लावा, वर तारीख लिहा आणि अंधाऱ्या कपाटात ठेवा. ठेवायची मात्र न वाळवता, डबीतल्या ओलाव्यासकट, तो ओलावा मुरायला लागतो. ओला तुकडा, बटाट्याची फोड असलं काही आत टाकू नका, बुरशी येते. सारखी उघडून वास घेऊ नका, पाचेक वर्षांनी काढा. साखर जास्त असल्यामुळे व्हर्जिनियाइतकं चांगलं दुसरं कुठलं पान मुरत नाही.