गुणांच्या एक्सेल फायली आवरेनात. डेटाबेस करावा का?

परीक्षावाल्या_बाई
परीक्षा विभाग बरीच वर्षं माझ्या गळ्यात आहे. दर इयत्तेची, दर वर्षाची वेगळी एक्सेल फाइल. रकाने असे: चाचणी१_गणित, चाचणी१_विज्ञान, सहामाही_गणित... मध्येच तोंडी परीक्षा सुरू झाली की रकाना वाढतो आणि सूत्रं कोलमडतात. परवा मुख्याध्यापकांनी साधंच विचारलं, सहावीत गणितात कच्ची असलेली मुलं आठवीत कुठे आहेत? तीन फायली उघडून बसले. रोल नंबर दर वर्षी वेगळे, आडनाव कुठे आधी तर कुठे शेवटी. प्रोग्रामिंग येत नाही, शिकायची तयारी आहे. सुरुवात कुठून करू?

तक्तेवाला
बाई, सॉफ्टवेअरचं नंतर बघू. आधी कागदावर एका वाक्यात लिहा: माझ्या तक्त्यातली एक ओळ म्हणजे काय? सध्या ती 'एक मूल आणि त्याचं वर्षभराचं सगळं' अशी आहे. ती 'एका मुलाचे एका परीक्षेतले एका विषयाचे गुण' अशी करा. मग तोंडी परीक्षा आली की ओळी वाढतील, रकाने आहेत तेवढेच राहतील. १९७० साली एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल मांडलं, ते याच पायावर उभं आहे: माहिती साध्या तक्त्यांत ठेवायची आणि तक्ते समान किमतींनी जोडायचे.

रोल नंबर ही मुलाची ओळख नव्हे, त्या वर्षीच्या वर्गातली त्याची जागा आहे. ओळख म्हणून कधीच न बदलणारा क्रमांक द्या; प्रवेश क्रमांक असेल तर उत्तम. 'विद्यार्थी' तक्त्यात तो क्रमांक, नाव, जन्मतारीख. 'नोंदणी' तक्त्यात विद्यार्थी, वर्ष, इयत्ता, तुकडी, रोल नंबर. 'परीक्षा' तक्त्यात नाव, वर्ष, विषय, कमाल गुण. आणि 'गुण' तक्त्यात फक्त विद्यार्थी, परीक्षा, गुण, हजेरी. मुख्याध्यापकांच्या प्रश्नाला मग एक क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला एक प्रश्न, पुरते. टक्केवारी मात्र साठवू नका, लागेल तेव्हा काढा. साठवलेली टक्केवारी आणि दुरुस्त केलेले गुण यांचं भांडण कुणी सोडवायचं?

गैरहजर मुलाला शून्य टाकत असाल तर आजच थांबवा. तिघांपैकी एकाला २०, दुसऱ्याला १६, तिसरा गैरहजर. जागा रिकामी ठेवली तर सरासरी १८, शून्य टाकलं तर १२! पण नुसती रिकामी जागाही फसवते, कारण गुण भरायचे राहिलेत की मूल आलंच नव्हतं हे कळत नाही. म्हणून हजेरीचा रकाना वेगळा.

खडूफळा
मला हे जरा जास्त वाटतं. एकच शिक्षक, एकच वर्ग असेल तर वर सांगितलेला, ओळींनी वाढणारा उभा तक्ता एक्सेलमध्येच करा, पिव्होट टेबल (ओळींची गटवार बेरीज-सरासरी काढून देणारी सोय) लावा, काम होतं. डेटाबेस हवा तो अनेक जण गुण भरतात आणि वर्षं एकमेकांना जोडायची असतात तेव्हा.

तक्तेवाला
मान्य. पण बाईंकडे वर्षं जोडायची आहेतच, म्हणून बोललो. मोफत हवं तर लिब्रेऑफिस बेस बघा, त्यात गुण भरायचे फॉर्म बनवता येतात. एसक्यूलाइट या मोफत डेटाबेस प्रणालीत सगळा डेटाबेस एका फायलीत मावतो, बॅकअपला फाइल बंद करून कॉपी केली की झालं. पण ती नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवून चौघांनी एकदम उघडू नका, लॉकिंगचा (एक जण लिहीत असताना दुसऱ्याला थांबवून ठेवण्याचा) भरवसा नसतो. शिवाय फॉरेन कीची, म्हणजे एका तक्त्यातला क्रमांक दुसऱ्या तक्त्यात खरंच आहे का याची, तपासणी त्यात सहसा मुळात बंद असते, दर जोडणीला (डेटाबेस उघडताना दर वेळी) चालू करावी लागते. नाही केली तर नसलेल्या विद्यार्थ्याचे गुणही तो मुकाट्याने घेतो.

परीक्षावाल्या_बाई
उभा तक्ता करून पाहिला, सहावीपुरता. पटलं. आता अडलंय नावांवर. 'बोऱ्हाडे' शोधलं तर काही ओळी सापडतात, काही नाहीत. डोळ्यांना तर सगळी सारखीच दिसतात!

तक्तेवाला
डोळ्यांना दिसतात, संगणकाला नाही. हा अर्धा र युनिकोडमध्ये (संगणकावर अक्षरं साठवायच्या प्रमाण पद्धतीत) दोन प्रकारे टाइप होतो. एकात ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. कीबोर्ड बदलला की प्रकार बदलतो. शोधा-बदला वापरून सगळीकडे एकच प्रकार करून घ्या, नावांच्या मागेपुढे राहिलेल्या रिकाम्या जागाही काढा. आडनाव, नाव, वडिलांचं नाव यांचे तीन रकाने करा. आणि तक्ते जोडताना नाव वापरूच नका, प्रवेश क्रमांक वापरा.

खडूफळा
तो क्रमांक ००४७ असा असेल तर रकाना आधी 'टेक्स्ट' करून घ्या, नाहीतर एक्सेल पुढची शून्यं खाऊन टाकतं.

परीक्षावाल्या_बाई
खाल्लीच आहेत! शून्यं परत भरते आणि सातवीची फाइल घेते.