ब्रूस ली खऱ्या लढतीत टिकला असता का? सिनेमा बाजूला ठेवून बोला

तालीमवाला, चाळीसगाव

भुसावळच्या एका कराटेवाल्या भावाने परवा लिहिलं की ब्रूस ली आपल्याकडच्या यात्रेच्या दंगलीत उतरला असता तर खान्देशातला एकही पैलवान त्याच्यापुढे मिनिटभर उभा राहिला नसता. मला हे अजिबात पटत नाही.

माणूस लढायला शिकतो तो विरोध करणाऱ्या जोडीवर. समोरच्याला तुम्हाला पाडायचंच आहे, तो तुमचं काही चालू देत नाही, आणि हे रोज. लीच्या बाबतीत पंचासमोरची म्हणावी अशी लढत म्हणजे १९५८ ची हाँगकाँगमधली शाळांची बॉक्सिंग स्पर्धा. ती त्याने जिंकली. त्यानंतर रिंगणात तो उतरला नाही. १९६४ मध्ये ओकलंडला वाँग जॅक मनशी झालेली लढत बंद दाराआड झाली. लीची पत्नी लिंडा सांगते तीन मिनिटांत आटोपली, वाँगच्या बाजूने सांगतात वीसेक मिनिटं चालली. यावरून कुणी काय ठरवावं?

आता पट घ्या, म्हणजे समोरच्याचे पाय धरून पाडायचा डाव. खडाखडीत, म्हणजे उभ्याने हात भिडलेले असताना, पैलवान समोरच्याचं मनगट खाली ओढतो. समोरचा आपोआप हात वर खेचतो आणि अंग उभं करतो. त्याच क्षणाला पैलवान गुडघा टेकवून आत शिरतो, खांदा त्याच्या मांड्यांना भिडवतो, दोन्ही हात गुडघ्यांमागे बांधतो. डोकं वर आणि बरगडीला चिकटलेलं. बचाव एकच: पाय आणि कंबर मागे फेकायची आणि छातीचा सगळा भार त्याच्या पाठीवर टाकायचा. उशीर झाला की संपलं. हे अंगात मुरायला कुणीतरी रोज खराखुरा पट काढावा लागतो. ली विंग चुन या चिनी लढाईच्या शैलीत वाढला. त्यातल्या ची साओ सरावात दोघं मनगटाला मनगट लावून छातीच्या उंचीवर हात फिरवतात. स्पर्शावरून समोरच्याचा जोर ओळखता येतो, ते उत्तमच आहे. पण कंबरेखाली कुणी येतच नाही.

वजनही बघा. ली साधारण ६४ किलोचा. सायगावच्या विजय चौधरींनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी मारली. केसरीच्या अवजड गटातल्या गड्याने नुसती मानेवर थाप टाकली तरी ६४ किलोच्या माणसाचा तोल जातो.

सातपुडा, चोपडा

भाऊ, तुन्हं म्हननं बरोबर शे, पन अर्धंच.

तुम्ही सांगता तो १९६४ च्या आधीचा ली. त्या लढतीत आपण लवकर धापा टाकल्या, लांबली असती तर अवघड होतं, हे त्याला स्वतःलाच बोचलं आणि तिथून त्याने सगळा सराव बदलला. धावणं, दोरी, वजनं. हातात ग्लोव्ह, डोक्याला हेडगार्ड, छातीला पॅड, आणि मग पूर्ण जोराने स्पारिंग, म्हणजे जोडीबरोबर सरावाची लढत. त्या काळी अमेरिकेतल्या कराटे स्पर्धांमध्ये ठोसा अंगाला लागायच्या आत थांबवायचा नियम होता, हे विसरू नका. त्याच स्पर्धांचे विजेते जो लुईस, माइक स्टोन, चक नॉरिस त्याच्याबरोबर सरावाला यायचे. लुईसने १९७० मध्ये ग्लोव्ह घालून पूर्ण ताकदीच्या किकबॉक्सिंगची सुरुवात अमेरिकेत केली. असा माणूस नटाकडे वेळ घालवायला जाणार नाही.

पटाचंही त्याला माहीत होतं. टीव्ही मालिकेच्या सेटवर १९६६ च्या सुमारास त्याची गाठ जीन लबेलशी पडली. लबेल अमेरिकेचा ज्युदो विजेता, आणि दोघांनी एकमेकांना शिकवलं. लीच्या १९७३ च्या 'एंटर द ड्रॅगन' सिनेमाची सुरुवात आठवा: बोटं मोकळी असलेले ग्लोव्ह, समोर नट सामो हुंग, आणि शेवट हाताच्या कोपराला पेच घालून. त्यानंतर वीस वर्षांनी डेन्व्हरला पहिली यूएफसी झाली, म्हणजे ठोसे, लाथा, पकडी सगळं चालणारी लढतींची स्पर्धा.

आणि मातीच्या कुस्तीतली एक खोड तुम्ही सांगितली नाही. चितपट होऊ नये म्हणून पैलवान पालथा पडतो, पोट जमिनीला, पाठ वर. मातीत ते शहाणपण. पण गळा आवळायला परवानगी असेल तिथे पाठीवर बसलेल्याच्या एका हाताची घडी गळ्याभोवती, दुसरा हात डोक्यामागे, आणि काही सेकंदांत शुद्ध जाते. शिवाय तुमच्या पटात डोकं जरा खाली गेलं की समोरून गुडघा नाहीतर मानेला बगलेतली पकड.

धुळे बॉक्सिंग

सातपुडा, सरळ ठोशाबद्दल लिहायचं राहिलं तुमचं. ली ताकदीचा हात पुढे ठेवून उभा राहायचा. आम्ही बॉक्सिंगमध्ये उलटं करतो, जोराचा हात मागे. त्याने हे तलवारबाजीतून घेतलं. हात आधी सुटतो, पाय मागून पोहोचतो, खांदा आधी हलत नाही, म्हणून समोरच्याला सुगावा लागत नाही. फायदा वेगाचा. तोटा असा की मागच्या हाताचा दणका कमी होतो, आणि पुढचा पाय पटासाठी अगदी हाताशी येतो. तालीमवाला दादांनी हे धरायला हवं होतं.

पडद्यावरचा ठोसा याच्या नेमका उलट असतो. कॅमेरा मार खाणाऱ्याच्या खांद्यामागे, ठोसा गालापासून वीतभर बाजूने जातो, मार खाणारा मान झटकतो, आवाज नंतर भरतात. प्रेक्षकाला दिसावा म्हणून हात लांबून आणावा लागतो. वर्षभर अशीच शूटिंग करणाऱ्याच्या हाताला तीच सवय लागते आणि खऱ्या स्पारिंगमध्ये हात मागे जाताच तोंडावर जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, बसतो. दमाचंही तेच. एका शॉटमध्ये पाच-सात हालचाली, मग कट, मग पाणी. हौशी बॉक्सिंगमध्ये तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या असतात, आणि बहुतेकांचे हात दुसऱ्या फेरीतच खाली येतात.

नटांना खरं लढताच येत नाही असंही नाही. मिकी रूर्क १९९१ ते १९९४ व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये आठ लढती लढला. सहा जिंकल्या, दोन बरोबरीत, हरला एकही नाही, पण चेहऱ्याची वाट लागली. टॉम हार्डीने २०२२ मध्ये इंग्लंडमध्ये ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या, म्हणजे जमिनीवरच्या पेचांच्या कुस्तीच्या, खुल्या स्पर्धा जिंकल्या, निळ्या पट्ट्याच्या गटात. पांढऱ्यानंतरचा हा दुसराच पट्टा. म्हणजे कामगिरी खरी, पायरी सुरुवातीची. दोघांचं मी मानतो, कारण समोरचा माणूस हरायला आलेला नव्हता.

ज्युदोवाली, जळगाव

सामो हुंगवाल्या पेचाबद्दल बोलते, कारण तो दाखला फार वेळा देतात.

ज्युदोत त्याला जुजी गातामे म्हणतात. समोरच्याचा हात आपल्या दोन मांड्यांमध्ये, गुडघे घट्ट मिटलेले, आपलं बूड त्याच्या खांद्याला टेकलेलं, त्याचा अंगठा वर. मग मनगट छातीशी धरून कंबर उचलायची. गुडघे उघडे राहिले की तो कोपर खाली ओढून सुटतो. बूड खांद्यापासून लांब राहिलं की जोर कोपरावर नीट बसत नाही आणि काहीच होत नाही. पण हे सगळं शेवटचं. अवघड भाग त्याच्या आधीचा: पाडणं, वर राहणं, तो दोन्ही हात छातीशी बांधून घेतो तेव्हा ते सोडवणं. पडद्यावर तेवढंच नसतं. लीला पेच माहीत होता यात शंका नाही. विरोध करणाऱ्या कुस्तीगिरावर तो लागू शकला असता का, याचं उत्तर त्या दृश्यातून मिळत नाही.

सातपुडा दादा, तुमचा लबेलचा मुद्दा मात्र वजनदार आहे. तोच माझ्या लेखी लीच्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा.

सिनेनट जेट लीचं नाव अजून कुणी काढलं नाही, पण निघेलच. तो वुशू या चिनी युद्धकलेतला चीनचा राष्ट्रीय विजेता होता, तेही लहान वयात. ते गुण मात्र ताओलूचे, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या सादरीकरणाचे. वुशूतली लढत ती सांदा, ती वेगळी स्पर्धा आहे.

तालीमवाला, चाळीसगाव

पालथं पडण्याचं सातपुडांनी लिहिलं ते मातीच्या नियमापुरतं खरं आहे. पण पैलवानाला ही सवय मोडायला किती वेळ लागतो? पाठ देऊ नको, हनुवटी छातीला लाव, गळ्यातल्या हाताचं मनगट दोन्ही हातांनी खाली ओढ, एवढं महिनाभर घोटलं की काम भागतं. ठोसे-लाथांवर वाढलेल्याला कंबर मागे फेकायला शिकवायचं तर वर्ष जातं. १९९३ च्या डेन्व्हरच्या त्याच रात्री जिउ-जित्सूवाला रॉयस ग्रेसी तीन लढती जिंकला, अंगाने फार मोठा नसताना, सगळ्या जवळ जाऊन आणि खाली घेऊन. म्हणून माझं मत तेच: ६५ किलोच्या गटातला चांगला फ्रीस्टाइल पैलवान आणि ली, जमीन मोकळी, तर मी पैलवानावर बोली लावेन.

सातपुडा, चोपडा

आणि मी पहिल्या दहा सेकंदांसाठी लीवर. पट काढायला हाताच्या अंतरात यावं लागतं, आणि त्या अंतराचा तो राजा होता. बोटं डोळ्यांत आणि लाथ गुडघ्यावर हे त्याच्या सरावाचे भाग होते, आणि डोळ्यांत बोटं स्पर्धेत चालत नाहीत. १९७० मध्ये वजन खांद्यावर घेऊन पुढे वाकताना त्याची पाठ गेली, कित्येक महिने पडून होता. त्याचे गाजलेले सिनेमे सगळे त्यानंतरचे. १९६९ चं शरीर आपण पडद्यावर नीटसं पाहिलेलंच नाही.

अमळनेरची आई

वाद छान चाललाय, पण मला उपयोगाचं सांगा. मुलगा बारा वर्षांचा आहे, लीचं पोस्टर लावलेल्या क्लासला जायचं म्हणतो. क्लासमध्ये खरं शिकवतात की नुसतं दाखवतात, हे बघायचं कसं?

धुळे बॉक्सिंग

ताई, फी भरायच्या आधी एक पूर्ण तास बसून बघा. मुलं एकमेकांसमोर उभी राहतात का, आणि समोरचा हलतो, हुकवतो, परत मारतो का? तासभर हवेत लाथा आणि कौलं फोडणं चाललं असेल तर तो व्यायाम आहे, अंगाला चांगला, पण लढत नाही. दातांचं गार्ड सक्तीचं असावं, ग्लोव्ह जाड असावेत, जोड वजनाने लावलेली असावी. बारा वर्षांच्या पोराला डोक्यावर जोराचे ठोसे नकोतच. हेडगार्डने भुवई फुटायची वाचते, मेंदूला बसणारा हादरा थांबत नाही. मुलाला मार लागून डोकं दुखलं, मळमळलं किंवा अंधारी आली तर त्या दिवशी सराव बंद, आणि डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय पुन्हा सुरू नाही. शिक्षकाला हेच विचारा, अशा वेळी तुम्ही काय करता म्हणून. "पाणी पाजून परत उतरवतो" म्हणाला तर मुलाला घेऊन उठा.

ज्युदोवाली, जळगाव

आणि पडायला आधी शिकवतात का तेही बघा. हनुवटी छातीला, पाठ गोल, तळहात आणि अख्खा हात अंगापासून थोडा लांब जमिनीवर आपटायचा. घाबरलेलं मूल हात मागे टेकवतं आणि मनगट मोडतं. पहिले काही आठवडे फक्त एवढंच शिकवणारा क्लास मला आवडतो. मॅट नसेल, फरशीवर सतरंजी असेल, तर दुसरीकडे चौकशी करा.