मदत हवी आहे : पुतणीला आइस हॉकी खेळायची आहे

नमस्कार मंडळी. आम्ही दारव्हा तालुक्यातले, यवतमाळ जिल्हा. माझी पुतणी तेरा वर्षांची. चार वर्षांपासून चाकाचे स्केट्स घालून रोलर हॉकी खेळते. सोयाबीन निघालं की वाळवायच्या सिमेंटच्या ओट्यावरच तिचा सराव.

२०२५ मध्ये भारताच्या मुलींनी आशिया कपात कांस्यपदक घेतलं, तेव्हापासून पोरीनं ध्यास घेतला आहे. त्या संघात बहुतेक मुली लडाखच्या. तिकडं हिवाळ्यात तळी गोठतात. आमच्याकडं उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसवर. बर्फाचं मैदान म्हणजे देहरादून, गुरुग्राम नाहीतर लेह, एवढंच कळलं.

चाकावरून बर्फाच्या पात्यावर यायला किती दिवस लागतात? वळणं जमतात म्हणे, पण थांबणं वेगळंच, पातं आडवं घासावं लागतं. तेरा वर्षं उशीर तर नाही ना? हेल्मेट, पॅड, स्केट्स जुने कुठं मिळतील? भावाचं पाच एकर कोरडवाहू वावर आहे, म्हणून खर्च खराखुरा सांगा. लेहला नोकरीत असलेलं आपल्याकडचं कोणी असेल तर कृपया इथंच कळवा. दिवाळीच्या सुट्टीत तिला एकदा बर्फावर उभी करायचीच आहे.