एलएसयूएसबीत बोर्ड दिसतो, पण पोर्ट येत नाही. ५०० रुपयांत दुसरा कोणता घ्यावा?

रेझिस्टर२२०
नमस्कार मंडळी. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे, मातीतला ओलावा बघून पंप चालू-बंद करायचा. त्यासाठी ऊनो या आर्डुइनो बोर्डाचा क्लोन, म्हणजे स्वस्त नक्कल, घेतला. लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ ही लिनक्स आहे. केबल लावली की बोर्डावरचा दिवा लागतो आणि एलएसयूएसबी (जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी दाखवणारी कमांड) मारलं की ओळ येते: १ए८६:७५२३, सीएच३४० सिरीयल कन्व्हर्टर, म्हणजे बोर्डावरची यूएसबीची चिप. पण डेव्ह फोल्डरमध्ये टीटीवाययूएसबी० ही पोर्टची फाइल कुठेच नाही, आयडीईतला (बोर्डात कोड टाकायच्या प्रोग्रॅममधला) पोर्टचा मेनूही करडा. बोर्ड गेला असं धरून नवीन घ्यायचा विचार आहे. बजेट ५०० रुपये, त्यावर एक रुपयाही नाही.

कॉपरक्लॅड
ओरिजिनल ऊनो घे, विषय संपला. माझा इतकी वर्षं चालतोय, एलएसयूएसबीत २३४१:००४३ असा स्वच्छ दिसतो आणि टीटीवायएसीएम० या पोर्टवर लगेच येतो. क्लोनच्या नादी लागलं की असंच होतं.

पुणेरी_पायथन
त्याचं बजेट ५०० आहे हो. ओरिजिनल ५००त कुठे मिळतो?

कॉपरक्लॅड
मग थोडे साठव. चांगली वस्तू एकदाच घ्यावी.

सोल्डरताई
केबल बदल. मोबाइलच्या चार्जरबरोबर आलेल्या कितीतरी केबलींत डेटाच्या तारा नसतातच. दिवा लागतो, बाकी काही होत नाही. माझ्या दुकानात येणाऱ्यांपैकी निम्म्यांचा दोष केबलचाच निघतो.

गावठी_गीक
+१, केबल.

नांगरआणिनोड
मीही केबलच म्हणणार होतो.

डीमेसेज_वाचक
ताई, एरवी मीही केबलच म्हटलं असतं, पण इथे नाही. डेटाच्या तारा नसत्या तर एलएसयूएसबीत ती ओळ आलीच नसती. १ए८६:७५२३ हा आकडा बोर्डावरच्या चिपनेच कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) कळवलाय, म्हणजे केबल आणि चिपचं बोलणं होतंय. शेजारचं नाव यूएसबी आयडींच्या डेटाबेसमधून येतं. ड्रायव्हर (चिप चालवणारा प्रोग्रॅम) लागला की नाही हे त्या ओळीवरून कळतच नाही, आणि नेमकं तिथेच लोक फसतात.

रेझिस्टर, एलएसयूएसबीला डॅश टी लाव. झाडासारखी यादी येईल, त्यात प्रत्येकासमोर ड्रायव्हरचं नाव असतं. तुझ्या बोर्डासमोर सीएच३४१ (सीएच३४० चिपचा ड्रायव्हर) दिसायला हवं. मग केबल काढ, डीमेसेज डॅश डब्ल्यू (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) चालू ठेव आणि पुन्हा लाव. काय ओळी येतात त्या जशाच्या तशा टाक.

पुणेरी_पायथन
आधी स्वतःला डायलआउट ग्रुपमध्ये (सिरीयल पोर्ट उघडायची परवानगी असलेल्या गटात) घाल. लॉगआउट करून परत आत ये.

डीमेसेज_वाचक
ते पोर्ट आल्यावर. ग्रुप नसेल तर फाइल असते आणि उघडताना परवानगी नाकारली जाते. याच्याकडे फाइलच नाही.

एमबेडेड_आजोबा
सीएच३४० सोडा, एफटीडीआय कंपनीची चिप असलेली केबल घ्या. एलएसयूएसबीत ०४०३:६००१ दिसते. आमच्या कारखान्यात दुसरं काही चालत नाही.

कॉपरक्लॅड
आजोबा, २०१४ विसरलात? एफटीडीआयच्या विंडोज ड्रायव्हरने नकली चिपांचा प्रॉडक्ट आयडी (कोलनपुढचा आकडा) शून्य करून टाकला होता. बाजारात खरी-खोटी ओळखणार कशी?

एमबेडेड_आजोबा
खात्रीच्या वितरकाकडून घ्यायची. महाग पडते, पडू दे.

गावठी_गीक
मी विंडोजमध्ये डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत चालणारी लिनक्स) वापरतो, तिथे एलएसयूएसबीत बोर्ड येतच नाही. माझाही बोर्ड खराब का?

डीमेसेज_वाचक
नाही. डब्ल्यूएसएल २ला यूएसबी आपोआप मिळत नाही, यूएसबीआयपीडी हा प्रोग्रॅम वापरून जोडून द्यावं लागतं. त्यासाठी वेगळा धागा काढा ना, इथे गल्लत होईल.

रेझिस्टर२२०
डॅश टी लावून पाहिलं, सीएच३४१ नाही. डीमेसेजमध्ये आधी 'सीएच३४१ कन्व्हर्टर टीटीवाययूएसबी०ला जोडला' असं येतं. लगेच खाली एक ओळ, तिच्यात बीआरएलटीटीवाय असं काहीतरी आहे, आणि मग 'टीटीवाययूएसबी०पासून तुटला'.

डीमेसेज_वाचक
सापडलं. बोर्ड ठणठणीत आहे, एक पैसाही खर्च करू नकोस. बीआरएलटीटीवाय ही ब्रेल डिस्प्ले चालवणारी सेवा. एका ब्रेल उपकरणाचा आयडीही १ए८६:७५२३च आहे, म्हणून ती तुझा बोर्ड आपला समजून ताब्यात घेते.

पुणेरी_पायथन
एप्ट रिमूव्ह बीआरएलटीटीवाय ही कमांड दे, सेवा निघून जाईल. दोन सेकंदांचं काम.

नांगरआणिनोड
+१, काढून टाक. कोणाला लागतं ते?

स्पर्शवाचक
मला लागतं. मी पूर्ण अंध आहे आणि हा धागा ब्रेल डिस्प्लेवरच वाचतोय. लॉगिनच्या काळ्या पडद्यावर, डेस्कटॉप सुरू व्हायच्या आधी, हीच सेवा मला मशीन वाचून देते. स्वतःच्या लॅपटॉपवर हवं ते करा, पण कॉलेजच्या लॅबमध्ये 'कोणाला लागतं' म्हणून काढू नका. उद्या तिथे माझ्यासारखा विद्यार्थी आला तर तो पहिल्याच पायरीवर अडकेल.

काढायची गरजही नाही. उपकरण जोडल्यावर काय करायचं ते यूडेव्हचे नियम ठरवतात. यूएसआर-लिब-यूडेव्हच्या रूल्स डॉट डी फोल्डरमध्ये ८५-बीआरएलटीटीवाय डॉट रूल्स ही फाइल आहे. ती त्याच नावाने ईटीसी-यूडेव्हच्या रूल्स डॉट डीमध्ये कॉपी करा. नाव सारखं असलं की ईटीसीतलीच चालते आणि अपडेट आलं तरी टिकते. कॉपीत १ए८६/७५२३ शोधा. तिथे कोलन नाही, तिरपी रेघ असते. त्या ओळीच्या सुरुवातीला हॅश लावा म्हणजे ती बंद होईल, यूडेव्हएडीएम कंट्रोल रिलोड द्या, बोर्ड काढून परत लावा.

सोल्डरताई
हे नवीन कळलं. दुकानात लिहून लावते.

रेझिस्टर२२०
स्पर्शवाचक दादा, झालं! टीटीवाययूएसबी० आलं आणि टिकलंय. मनापासून धन्यवाद.

तरी मी रास्पबेरी पाय पिको हा दुसरा छोटा बोर्ड घेतोय, तो ५००त बसतो. तोंडी परीक्षा लॅबच्या मशीनवर आहे, तिथेही २२.०४ आहे. मला रूट (मशीनचे पूर्ण अधिकार) नाही आणि असतं तरी तिथली फाइल बदलायची नाही. पिकोच्या चिपमध्येच यूएसबी आहे, मधे सीएच३४० नाही, सरळ टीटीवायएसीएम०वर येतो.

डीमेसेज_वाचक
चालू बोर्ड हातात असताना? लॅबवाल्यांना विनंती कर, ओळ ते बदलून देतील.

पुणेरी_पायथन
सगळा कोड परत तपासावा लागेल.

कॉपरक्लॅड
यापेक्षा ओरिजिनल ऊनो.

रेझिस्टर२२०
ऑर्डर केली.

एमबेडेड_आजोबा
मग एवढं लक्षात ठेव. पिकोच्या पिना ३.३ व्होल्टच्या. ओलाव्याचा सेन्सर ५ व्होल्टवर चालवून त्याचं आउटपुट सरळ आत दिलंस तर पिन जाईल. सेन्सरलाही ३.३च दे, वाचन जीपी२६ या पिनवर घे. पंपाचा रिले (विजेने चालणारा स्विच) ५ व्होल्टचा असेल तर मधे ट्रान्झिस्टर घाल. आणि पिकोवरचं बूटसेलचं बटण दाबून लावलास तर एलएसयूएसबीत २ई८ए:०००३ येईल आणि पेन ड्राइव्हसारखा दिसेल. तेव्हा टीटीवायएसीएम० शोधत बसू नकोस, आधी फर्मवेअर (बोर्डावर चालणारा प्रोग्रॅम) टाक.