मदत हवी आहे: सहा मित्र, एक टीव्ही, दोन कंट्रोलर. टूडी मारामारीचा कोणता गेम?

मंडळी, दिवाळीत आमचा कॉलेजचा कंपू नाशिकला जमतोय. सहा जण, त्यातला एक डब्लिनहून ऑनलाइन. पत्ते आहेतच, पण यंदा सगळ्यांना एका पडद्यावर एकमेकांना बडवता येईल असं काहीतरी हवंय. टूडीच हवं. थ्रीडीत कॅमेरा सांभाळतानाच निम्म्यांची दमछाक होते.

हॉस्टेलला आम्ही 'लिटल फायटर २'वर वाढलो. १९९९ चा, हाँगकाँगच्या दोघांनी केलेला फुकट गेम. एका कीबोर्डवर चौघं, एकमेकांची कोपरं खात. लॅपटॉपवर टाकून पाहिला, अजून चालतो. पण तिघांनी एकदम बटणं दाबली की चौथ्याचा माणूस ढिम्म उभा राहतो आणि मार खातो. यावर काही उपाय?

'टेकन', 'स्ट्रीट फायटर' कृपया सुचवू नका. दोघं खेळणार आणि बाकीचे चिवडा खात बसणार. त्यात आमच्यातल्या एकाला सगळे कॉम्बो, म्हणजे ठरावीक क्रमाने बटणं दाबून लागोपाठ मारायचे फटके, तोंडपाठ. तो सगळ्यांना धुतो, मग एकेक जण मोबाइल काढतो. नवख्यालाही अधूनमधून जिंकता आलं पाहिजे. आणि शक्यतो एकानेच विकत घेऊन भागलं तर उत्तम.

प्रतिसाद १

गेम ठीक आहे, दोष कीबोर्डचा. लिटल फायटरला प्रत्येकी ७ बटणं लागतात, म्हणजे चौघांची २८. साध्या कीबोर्डात आत आडव्या-उभ्या तारांची जाळी असते. ठरावीक तीन बटणं एकदम दाबली की चौथं खरंच दाबलंय की नाही हे त्याला कळत नाही, म्हणून तो ते गिळून टाकतो. फुकटातला उपाय: घरात पडलेला जुना यूएसबी कीबोर्ड जोडा. विंडोजला दोन्ही एकच वाटतात, पण दोघांची जाळी वेगळी. दोघांनी या कीबोर्डवर खेळायचं, दोघांनी त्या. आणि विंडोजची 'स्टिकी कीज' ही सोय आधीच बंद करून ठेवा. कोणीतरी शिफ्ट पाच वेळा दाबतो आणि ऐन रंगात तिची खिडकी उघडते.

प्रतिसाद २

तुमच्या कॉम्बोवाल्यावर 'टॉवरफॉल' हा उतारा आहे. सुरुवातीला प्रत्येकाकडे मोजके बाण, एक लागला की खेळ खल्लास. सोडलेले बाण परत गोळा करायचे, त्यामुळे भाता रिकामा झालेला पटाईत खेळाडू भिंतीआडून जीव मुठीत धरून पळताना दिसतो. नेम साधून बगल दिली तर समोरच्याचा बाण हवेतच पकडता येतो. हे एकदा जमलं की नवखासुद्धा उड्या मारतो. पीसीवर चौघंच, पण डाव इतका लवकर आटपतो की हरला तो उठला, पुढचा बसला.

'डक गेम'ही तसाच. बदकं, बंदुका, आणि 'क्वॅक' करायला वेगळं बटण, ज्याचा उपयोग जवळपास शून्य आणि वापर सर्वाधिक. 'स्टिक फाइट' स्वस्त आणि अगदी बावळट आहे, शस्त्रं आकाशातून पडतात. 'निडहॉग' मला फार आवडतो, पण दोघांचाच. जिंकणाऱ्याला शेवटी अजगराएवढा किडा गिळतो!

पैशांचं म्हणाल तर स्टीमवर (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) 'रिमोट प्ले टुगेदर' ही सोय आहे. गेम एकाकडे असला तरी पुरतो, बाकीच्यांना त्याच्या पडद्याचं चित्र जातं. पण डब्लिनपर्यंत चित्र जायचं, तिथून बटण परत यायचं. बाण पकडण्याच्या खेळात तेवढा उशीरही नडतो.

प्रतिसाद ३

मिनी मिलिशिया! एक हॉटस्पॉट, सहा मोबाइल, विषय संपला.

धागाकर्ता

मिनी मिलिशियात गोळीबार आहे हो, आम्हाला हाणामारी हवी. आणि डब्लिनवाल्याला हॉटस्पॉट पोचवायचा कसा? दोन कीबोर्डची युक्ती मात्र लागू पडली, मनापासून आभार. डब्लिनचं काय करू?

प्रतिसाद २

त्याच्यासाठी 'ब्रॉलहाला'. फुकट आहे, गेममध्ये ऑनलाइन खोली केली की ८ जणांपर्यंत एकत्र, आणि पीसी, मोबाइल, प्लेस्टेशन सगळे एकमेकांशी खेळू शकतात. प्रत्येक जण आपापल्या यंत्रावर, म्हणजे चित्र पाठवायची भानगड नाही. थोडा लॅग (उशीर) राहीलच, पण खेळता येतं. यात समोरच्याला मैदानाबाहेर भिरकवायचं असतं. मार बसत गेला की त्याचा रंग पांढऱ्यावरून पिवळा, केशरी, लाल होत जातो. गडद लाल झालेला एका फटक्यात उडतो, मग तो फटका कोणाचाही असो. सहा जणांच्या गर्दीत ते श्रेय हमखास नवख्याला मिळतं.

प्रतिसाद १

आणखी एक. टीव्हीला जोडणार असाल तर सेटिंगमध्ये 'गेम मोड' चालू करा, नाहीतर बटण दाबल्यावर माणूस जरा उशिरा हलतो. कंट्रोलर आणखी घ्यायचे असतील तर एक्सबॉक्स पद्धतीचे विंडोजवर साधारण चारच धरतात. पाचव्याला कीबोर्ड द्या. शक्यतो त्या कॉम्बोवाल्याला.